राग : ओळख, कारणे आणि हाताळणी

राग येणे हा दोष नाही. अनेकदा ती अन्याय झाल्याची खूण असते. कुणी आडनाव ऐकून बोलण्याचा सूर बदलला, की छाती धडधडते, कान तापतात, जबडा आवळतो. धम्मात हा क्रम सांगितला आहे : स्पर्शातून वेदना, वेदनेतून तृष्णा. दुःखद वेदना आपल्या हातात नसते. तिच्यानंतरची कृती असते. स्मृतीचा, म्हणजे सतीचा, सराव याच ठिकाणी कामी येतो.

काय करावे?

• ‘मला राग आला आहे’ असे मनात म्हणा. श्वास सावकाश सोडा.
• तो राग दारूत बुडवू नका, घरच्यांवर काढू नका. विश्वासातल्या माणसाशी बोला.
• प्रसंग, तारीख, साक्षीदार लिहून ठेवा. चारचौघांत जातिवाचक अपमान झाल्यास १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्याखाली तक्रार करता येते.

राग गिळणे म्हणजे शांती नव्हे. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी पिढ्यान्‌पिढ्यांची चीड शिस्तबद्ध सत्याग्रहात उतरवली.

झोप-भूक दोन आठवडे बिघडलेली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर थांबू नका. टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास बोलता येते.