टिडेंडे गळले, बर्लिंगस्के उरले

कोल्हापुरी झिजली, पैठणी कपाटातच राहिली. बोलताना चपला आणि साडी आपण कधीच सोडून दिली. उरलं ते विशेषण, आणि तेच नाम होऊन बसलं. कोपनहेगनच्या एका दैनिकाच्या बाबतीत नेमकं हेच घडलं आहे. त्याचं नाव ‘बर्लिंगस्के’. हे मुळात नाव नव्हेच. ‘स्के’ हा आपल्या ‘चा-ची-चे’सारखा प्रत्यय, म्हणजे ‘बर्लिंगचे’. बर्लिंगचे काय? ते 2011 साली मथळ्यावरून काढून टाकलं.

एर्न्स्ट हेन्रिक बर्लिंग हा जर्मनीतून आलेला मुद्रक. 3 जानेवारी 1749 रोजी त्याने कोपनहेगनमध्ये पत्र काढलं, त्यावर त्याचं नाव नव्हतं. नाव होतं ऐसपैस : ‘कोपनहेगनची डॅनिश पोस्ट-टिडेंडर’. बातमी टपालाच्या थैलीतून यायची, म्हणून ‘पोस्ट’. पुढच्याच वर्षी बर्लिंग वारला. पण छापखान्याचं नाव लोकांच्या तोंडी बसलं, आणि पुढे ते मथळ्यावरही चढलं : ‘बर्लिंगस्के टिडेंडे’.

आता गळलेला शब्द पाहू, कारण खरी गंमत त्यात आहे. ‘टिडेंडे’ लिहितात तसा बोलत नाहीत. डॅनिश तोंडात त्यातला पहिला ‘ड’ मऊ पडतो आणि दुसरा गिळला जातो. मूळ जुन्या नॉर्समधलं ‘तीदिंदी’, म्हणजे घडलेल्या गोष्टी. इंग्रजीतलं ‘टायडिंग्ज’ आणि जर्मन ‘त्सायटुंग’ ही याचीच भावंडं. ‘टीड’ म्हणजे काळ, वेळ. तोही याच गोतातला. काळ, घडणं आणि बातमी एका घरात नांदतात, हे वाचून मराठी माणसाने चमकू नये. ‘वृत्’ धातूचा अर्थ असणं, घडणं. त्यातून जे घडलं ते वृत्त, जे घडतं आहे ते वर्तमान. जुन्या पत्रांत ‘इकडील वर्तमान’ म्हणजे इकडची खबर. शाळेत मात्र तोच शब्द काळ होऊन भेटतो. मला ‘वृत्तपत्र’पेक्षा ‘वर्तमानपत्र’ आवडतं ते यासाठीच, जरी सकाळी दारात पडलेलं सगळं कालचंच असलं तरी.

रोजच्या बोलण्यात डॅनिश माणूस वर्तमानपत्राला ‘टिडेंडे’ म्हणत नाही, ‘अवीस’ म्हणतो. हा फ्रेंचकडून आलेला पाहुणा. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला ‘पाहणे’ आहे. म्हणजे एका शब्दात घडलेलं, दुसऱ्यात दिसलेलं. ‘टिडेंडे’ आता थोडं सोवळ्यातलं झालं आहे. ओडेन्सेचं 1772 पासूनचं ‘फ्युन्स स्टिफ्ट्सटिडेंडे’ ते मिरवतं, दिवाळखोरीच्या सरकारी जाहिराती देणारं ‘स्टाट्सटिडेंडे’ही.

हे झालं शब्दांचं. छपाईच्या बाबतीतही डॅनिश राजवटीचा आपल्या भाषेशी एक धागा आहे, तो बंगालमधून जातो. हुगळीकाठचं श्रीरामपूर तेव्हा डेन्मार्कचं होतं. तिथल्याच मिशनच्या छापखान्यात मिशनरी विल्यम केरीने 1805 साली मराठी व्याकरण छापलं.

पुन्हा बर्लिंगकडे वळू. कोपनहेगनात 1916 साली बर्लिंगच्या घरातून एक धाकटं दैनिक निघालं. त्याचं नाव ‘बी.टी.’, थोरल्याचीच आद्याक्षरं. थोरल्याने टिडेंडे सोडलं. धाकट्याच्या ‘टी’त ते अजून आहे.