वाघाची मावशी आणि माळ्याची वाट

धडगावच्या भोवती पसरलेल्या सातपुड्यात गाव म्हणजे घरांची दाटी नव्हे. पावरा आणि भिल कुटुंबाचं घर आपापल्या शेतात, उतारावर, शेजाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर उभं राहतं, आणि अशा विखुरलेल्या घरांची मिळून फळी किंवा पाडा होतो. इथल्या नगरपंचायतीच्या नावात धडगावच्या जोडीला वडफळ्या आणि रोषमाळ बुद्रुक येतात. त्यातल्या ‘फळ्या’मध्ये ही जुनी वसाहत अजून ऐकू येते. सागाचे खांब, बांबूच्या कामट्यांचा शेणमातीने लिंपलेला कूड, वर कौलं, एका अंगाला गुरं आणि मका-ज्वारीसाठी बांबूची कणगी असं हे घर. त्यात मांजराची गरज होती ती कणगीमुळे. घरातलं मांजर चावतं, बोचकारतं, अंगावर धावून येतं, या आजच्या तक्रारीचा इतिहास मला या घरापासून मांडावासा वाटतो. माणसाने मांजर पाळलं ते त्याच्या आक्रमकपणासाठीच, आणि त्या आक्रमकपणाला शतकानुशतकं आवर घातला तो घराच्या बांधणीने. बांधणी बदलली आणि तो आपल्या अंगावर येऊ लागला.

कुत्र्याची गोष्ट वेगळी होती. राखणीचा, शिकारीचा, मेंढरांमागे धावणारा कुत्रा माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडून घडवला. मांजराला असं कुणी फारसं घडवलं नाही. सायप्रस बेटावर शिलूरोकाम्बोस इथे माणसाच्या दफनाशेजारी मांजर पुरलेलं सापडलं, त्याला सुमारे 9,500 वर्षं झाली आणि ते 2004 मध्ये जगासमोर आलं. पुढे 2007 च्या जनुकीय अभ्यासाने जगभरच्या घरगुती मांजरांचं मूळ पश्चिम आशियातल्या रानमांजरात दाखवलं. तिथे शेती आली, धान्य साठलं, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आपणहून आलं. माणसाने त्याला राहू दिलं, एवढंच. त्यामुळे दबा धरणं, झडप घालणं, एकट्याने आपला टापू राखणं, हे रानातलं सगळं सामान ते घरात घेऊन आलं. मांजराची विशिष्ट जात जपून पैदास करण्याचा नाद तर जेमतेम दीडशे वर्षांचा आहे.

या सामानाची किंमत महाराष्ट्राने एकदा फार गांभीर्याने केली आहे. 1896 मध्ये मुंबईत प्लेग शिरला, देशावर पसरला, वऱ्हाडातही पोचला. अमरावतीला सिव्हिल सर्जन असलेले अँड्र्यू बुकॅनन 1908 च्या सुमारास मांजरांचा पुरस्कार करत होते. त्यांनी गावोगावची मांजरं मोजवली आणि जिथे मांजरं पुष्कळ तिथे प्लेग कमी, असं वैद्यकीय नियतकालिकांतून मांडलं. मांजरालाही प्लेग होतो आणि ते तो माणसाला देऊ शकतं, हे आज ठाऊक असल्याने त्यांचा उपाय तसाच्या तसा कुणी सुचवणार नाही. पण त्या वादात मांजराकडे कोणत्या नजरेने पाहिलं गेलं ते लक्षात घ्या. लाडावलेलं, दुधावर सुस्तावलेलं मांजर उपयोगाचं नव्हतं. हवं होतं ते उंदरावर तुटून पडणारं. आज ज्या झडपेसाठी आपण पशुवैद्याकडे जातो, तीच त्या काळी घराची संरक्षक ठरली होती.

मग ही झडप घरच्यांवर का पडत नव्हती? थोडीफार पडतच असणार. पण मांजराला राग येण्याआधीच निघून जायला वाट होती. कूड आणि छप्पर यांच्यामधली फट, आढ्याची लाकडं, माळा, गोठा, बाहेर शेत. मांजर वाघाची मावशी, तिने भाच्याला सगळं शिकवलं पण झाडावर चढणं तेवढं राखून ठेवलं, ही गोष्ट मराठी घरांत लहानपणीच कानावर पडते. सातपुड्यात वाघदेवाची पूजा होते, त्यामुळे इथे या नात्याला आणखी वजन आहे. त्या गोष्टीत मांजराचा खरा स्वभाव नेमका पकडलेला आहे: अंगावर जाणं हा त्याचा शेवटचा पर्याय, उंच जाऊन बसणं हा पहिला. कोंडलेलं मांजर नरडं धरतं, हा इशाराही त्याच जातीचा. पॉल लायहाउझन या जर्मन प्राणिवर्तन शास्त्रज्ञाने विसाव्या शतकात मांजराच्या चेहऱ्यावर आणि अंगावर भीती व हल्ला कसे मिसळतात ते चित्रांतून दाखवलं. कान आडवे होऊन डोक्याला चिकटतात, बाहुल्या मोठ्या होतात, पाठीची कमान होते, केस पिंजारतात, मांजर फिसकारतं. बघणाऱ्याला हा माज वाटतो. बहुतेक वेळा ती भीती असते. विखुरलेल्या घरांचाही यात वाटा होता. एका शेतात एक घर, आणि शेजारच्या घरचं मांजर दोन शेतं पलीकडे. टापूवरून भांडायला निमित्तच कमी.

यावर कुणी म्हणेल, हे जुन्या घराचे गोडवे गाणं झालं. त्रास देणाऱ्या मांजराला पोत्यात घालून नदीपलीकडे सोडत, नको असलेली पिल्लं टाकून देत, चुलीपाशी आलेल्या बोक्याला फुंकणी फेकून मारत, ते कुठे गेलं? हा आक्षेप खरा आहे आणि तो मान्य करूनच पुढे जायला हवं. मनुस्मृतीने मांजराच्या हत्येला प्रायश्चित्त सांगितलं. मांजर मेलं तर सोन्याचं मांजर करून काशीला द्यावं लागतं, असं लोक बजावत राहिले. ज्या समाजात मांजराला मारलंच जात नाही, तिथे असा धाक घालावा लागत नाही. माझा दावा तेवढा मोठा नाहीच. जुन्या माणसांना मांजर जास्त कळत होतं असं मी म्हणत नाही, त्यांच्या घराला भोकं जास्त होती असं म्हणतो. पोत्यात घातलेलं मांजर हेच त्याचं उलट उदाहरण: वाट बंद केली की माणसाचा हात फाटला.

बंद घरातलं मांजर ही खरोखर अलीकडची गोष्ट आहे. 1947 मध्ये अमेरिकेत एडवर्ड लो याने मांजराच्या विधीसाठी शोषक मातीचे दाणे विकायला काढले आणि मांजराला बाहेर जाण्याचं शेवटचं कारणही उरलं नाही. ती सोय आपल्याकडे फ्लॅटसोबत आली. धान्य पत्र्याच्या कोठीत गेलं, छपराच्या जागी स्लॅब आला, खिडकीला जाळी बसली. शिकार संपली, पण शिकारीची भूक संपली नाही. ती पलंगाखालून जाणाऱ्या घोट्यावर वळली. जाळीबाहेर परका बोका दिसतो, त्याच्यापर्यंत पोचता येत नाही, आणि तेवढ्यात जवळून गेलेल्या माणसाच्या पोटरीत दात रुततात. घरच्यांना वाटतं मांजर अचानक बिथरलं. ते तासाभरापासून तापलेलं असतं.

दुसरा आक्षेप स्वभावाचा. सारख्याच घरात एक मांजर मांडीवर झोपतं, दुसरं हात लावू देत नाही. मग बांधणीला काय म्हणायचं? इथे संशोधनाची बाजू मानायलाच हवी. आयलीन कार्श यांनी 1980 च्या दशकात दाखवलं की साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसाचा हात लागलेली पिल्लं पुढे माणसाळतात. सँड्रा मॅक्यून यांच्या 1995 च्या कामात बापाचा धीटपणाही पिल्लांत उतरलेला दिसला. शिवाय दुखणारा दात, सांधा, म्हातारपणी वाढलेलं थायरॉइड, यांनी गरीब मांजरही चावरं होतं. म्हणून एकाएकी बदललेल्या मांजराला आधी पशुवैद्याला दाखवावं. पण स्वभाव आणि दुखणं हे दोन्ही मांजर किती लवकर तापतं ते ठरवतात. तापल्यावर त्याने जायचं कुठे, ते घरच ठरवतं.

दार सताड उघडावं, असा याचा अर्थ होत नाही. सातपुड्यात बिबट्या आहे, शहरात वाहनं आहेत, दोन्हीकडे रेबीज आहे. उघडं घर परत आणता येत नाही, त्यातली वाट मात्र आणता येते. भिंतीवर दोन फळ्या, कपाटावर मोकळी जागा, एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघता येईल असा खोका. रोज दोनदा दोरीच्या टोकाचं पीस पळवून झडप घालू द्यावी आणि लगेच खायला द्यावं. हाताचं खेळणं करू नये. बोक्याची नसबंदी केली की मारामाऱ्या बहुतेकदा ओसरतात. दोन मांजरं असतील तर वाट्या आणि विधीची भांडी वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवावीत. पाड्यावरच्या दोन शेतांचं अंतर घरात आणायची हीच रीत. मारणं, पाणी फेकणं, मान धरून उचलणं याने भीती वाढते आणि पुढचा हल्ला लवकर होतो. आणि चावलंच, तर मांजराचा दात सुईसारखा खोल जातो, वरचं तोंड लगेच मिटतं आणि आत जंतू राहतात. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवावी, हळद-चुना भरू नये, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. धडगावच्या माणसाने ग्रामीण रुग्णालय. मांजराच्या मागे त्या वेळी धावू नये. ते माळ्यावर, नाहीतर कपाटावर जाऊन बसलेलं असतं, कान अजून आडवे, आणि ते ताठ व्हायला कधी कधी अख्खी रात्र लागते.