‘घरीच असते’ : जुन्नर-आंबेगावातील कामाची वाटणी आणि समाजमानसशास्त्र

‘बायको काय करते?’ या प्रश्नाला पुणे जिल्ह्याच्या कोणत्याही गावात हमखास मिळणारे उत्तर म्हणजे ‘काही नाही, घरीच असते’. उत्तर देणाऱ्याच्या मागे गोठ्यात म्हैस असते, अंगणात लावणीसाठी मोकळी करून ठेवलेली भाताच्या रोपांची जुडी असते, चुलीवर तवा तापलेला असतो. उत्तर देणारा खोटे बोलत नसतो. त्याला ते काम दिसत नसते, एवढेच. हे न दिसणे कोठून येते, हा गेल्या अर्धशतकात समाजमानसशास्त्राने हाती घेतलेल्या महत्त्वाच्या प्रश्नांपैकी एक आहे. जुन्नर आणि आंबेगाव हे शेजारचे दोन तालुके त्यासाठी एखाद्या प्रयोगशाळेसारखे आहेत.

प्रथम देशाचे आकडे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने जानेवारी ते डिसेंबर २०१९ या काळात पहिली देशव्यापी ‘वेळवापर पाहणी’ केली. सहा वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींनी आदल्या दिवसाचे चोवीस तास कशात घालवले, याची नोंद तीत घेण्यात आली. घरच्यांसाठी बिनमोबदला घरकाम करणाऱ्यांचे प्रमाण स्त्रियांमध्ये ८१.२ टक्के, तर पुरुषांमध्ये २६.१ टक्के निघाले. असे काम करणाऱ्या स्त्रीचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती, तर पुरुषाची ९७. ही सरासरी ज्यांनी त्या दिवशी असे काम केले त्यांच्यापुरतीच आहे, हे लक्षात घ्यावे; कामाला हातही न लावणारे सुमारे तीनचतुर्थांश पुरुष तिच्यात धरलेलेच नाहीत. २०२४ च्या दुसऱ्या पाहणीत हेच आकडे २८९ आणि ८८ मिनिटे झाले. पाच वर्षांत दोघांचीही मिनिटे थोडी घटली, अंतर मात्र जवळपास तेवढेच राहिले.

दोन तालुके, दोन प्रकारची शेती

जुन्नर व आंबेगावचा पश्चिम भाग सह्याद्रीत मोडतो. नाणेघाट, आहुपे, भीमाशंकरचा परिसर हा मुसळधार पावसाचा, भाताचा आणि नाचणी-वरईचा प्रदेश. येथे महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी समाजांची वस्ती आहे. पूर्वेकडे नारायणगाव, ओतूर, आळेफाटा, मंचर या पट्ट्यात कुकडी प्रकल्पाच्या पाण्याने ऊस, कांदा, टोमॅटो आणि द्राक्षे आणली. या प्रकल्पाची पाचही धरणे, म्हणजे येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे, याच दोन तालुक्यांत आहेत. पाणी पूर्वेला गेले, धरणाखालची जमीन पश्चिमेची गेली. ज्या गावाच्या नावाने आंबेगाव तालुका ओळखला जातो ते मूळ आंबेगावही डिंभ्याच्या जलाशयात बुडाले. तालुक्याचे ठाणे घोडेगाव येथे आहे.

दोन्ही पट्ट्यांत कामाची वाटणी ठरलेली आहे. नांगरणी आणि चिखलणी पुरुषाची. लावणी, खुरपणी आणि तोडणी बाईची. पिकाला रात्री दारे धरायला जाणे पुरुषाचे. पहाटे पाणी भरणे बाईचे. यातले पहिले ‘शेतीचे काम’ म्हणून ओळखले जाते, दुसरे ‘घरचे’ म्हणून. पश्चिमेकडे पावसाळ्यात धो धो पाऊस आणि उन्हाळ्यात पाण्याची टंचाई, हा जुना विरोधाभास आहे. त्याचा भार हंड्यावर पडतो, आणि हंडा कोणाच्या डोक्यावर असतो हे वेगळे सांगायला नको.

डॅनिश अर्थतज्ज्ञ एस्टर बोसरप यांनी १९७० मध्ये असे मत मांडले, की नांगराच्या शेतीत पुरुषाचे शारीरिक बळ मोलाचे ठरते आणि स्त्री घराकडे ढकलली जाते. कुदळ-खुरप्याच्या शेतीत मात्र ती शेताच्या केंद्रस्थानी राहते. आलेसिना, जुलियानो आणि नन या अर्थतज्ज्ञांनी २०१३ मध्ये अनेक देशांतील माहितीच्या आधारे दाखवले, की पूर्वापार नांगर वापरणाऱ्या समाजांच्या वंशजांमध्ये आजही स्त्रीच्या कामाविषयीचे विचार अधिक विषम आढळतात. जुन्नरच्या डोंगरउतारावर हाताने केलेली नाचणी आणि खाली खाचरात नांगरून केलेला भात एकाच कुटुंबाचा असू शकतो. त्यामुळे हा सिद्धांत एखाद्या गावावर जसाच्या तसा बसवण्यात अर्थ नाही. हत्याराचा विचारांवर ठसा उमटतो, एवढी गोष्ट मात्र त्यातून घेण्यासारखी आहे.

डबा दारातून निघण्यापूर्वी

मुंबईचे डबेवाले मुख्यतः मावळपट्ट्यातून आणि खेड, आंबेगाव, जुन्नर, अकोले या तालुक्यांतून आलेले. महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या या सेवेत जवळजवळ सर्वच पुरुष. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे स्टीफन थॉमके यांनी २०१० मध्ये या व्यवस्थेवर अभ्यास-प्रकरण लिहिले, तेव्हापासून व्यवस्थापनाच्या वर्गांत डब्यावरील खुणा, रेल्वेची वेळ आणि गटांची रचना शिकवली जाते. हे कौतुक रास्तच आहे. मात्र त्यातील मोजणी डबा दाराबाहेर आल्यावर सुरू होते. तो नऊच्या ठोक्याला भरून तयार ठेवणारी स्वयंपाकघरातील बाई या साखळीची पहिली कडी आहे; ती चुकली तर पुढचे सारे चुकते. डबेवाल्याच्या स्वतःच्या गावी भाताची लावणी उरकणारी त्याची बायको ही दुसरी न मोजलेली कडी. डबेवाल्याला मुंबईत टिकवून धरणारे घर ती चालवते.

‘पुरुष मुंबईला, बायका गावाला’ ही रचना केवळ या दोन तालुक्यांची नाही. वाई तालुक्यातील सुगाव या गावाचा १९४२ ते १९८२ असा चाळीस वर्षांचा मागोवा घेणारे हेमलता दांडेकर यांचे पुस्तक १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या नावातच पुरुष मुंबईला आणि स्त्रिया घरी असल्याचा उल्लेख आहे. मुंबईत एकट्या राहणाऱ्या गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्याही बहुतेक बायकाच होत्या. गिरणगावातील खानावळवाल्यांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले, आणि बँकेच्या कर्जासाठी का होईना, त्यांच्या स्वयंपाकाला ‘व्यवसाय’ हे नाव मिळाले. तीच भाजी, तीच भाकरी. नवऱ्याला वाढली की घरकाम, चौघा परक्यांना पैसे घेऊन वाढली की धंदा.

स्वभाव आधी की काम आधी?

बाई मुळातच सोशिक, पुरुष मुळातच धडाडीचा, म्हणून कामे अशी वाटली गेली, हे सर्वसाधारण मत. अमेरिकेतील समाजमानसशास्त्रज्ञ ॲलिस ईगली यांनी हा क्रम उलटा लावला. व्हॅलरी स्टेफन यांच्यासह १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत त्यांनी लोकांना काही काल्पनिक व्यक्तींची वर्णने दिली आणि त्यांचा स्वभाव कसा असेल ते विचारले. नोकरी करणारी व्यक्ती, मग ती स्त्री असो वा पुरुष, लोकांना ठाम आणि स्वतंत्र वाटली. घर सांभाळणारी व्यक्ती पुरुष असली तरी ती मायाळू आणि दुसऱ्याची काळजी घेणारी वाटली. म्हणजे लोक जे काम पाहतात त्यावरून स्वभाव ठरवतात, आणि पुढे तोच स्वभाव कामाच्या वाटणीचे कारण म्हणून सांगितला जातो. १९८७ मध्ये ईगली यांनी यालाच सामाजिक भूमिकांच्या सिद्धांताचे रूप दिले.

दुसरा प्रयोग घराघरातल्या भांडणाच्या मुळाशी जातो. कॅनडातील मायकेल रॉस आणि फियोरे सिकोली यांनी १९७९ मध्ये ३७ जोडप्यांना स्वतंत्रपणे विचारले, की घरातल्या अमुक कामातला तुमचा वाटा किती? स्वयंपाक, सफाई, मुलांची देखभाल, इतकेच काय, भांडण उकरून काढणे हेही त्या यादीत होते. नवरा-बायकोचे दावे एकत्र केले, तेव्हा बहुतेक कामांत बेरीज पूर्ण कामापेक्षा जास्त भरली. कारण साधे आहे : स्वतः केलेले काम आठवते, दुसऱ्याने केलेले नजरेसमोरून निघून जाते. हा दोष दोघांतही सारखाच असला, तरी त्याचा परिणाम सारखा नसतो. पुरुषाच्या कामाला मजुरीची पावती, बाजाराची पट्टी, पगाराची चिठ्ठी अशी साक्ष असते. भाकरी मात्र खाल्ली की संपते.

शहरी वाचकाने हा प्रश्न गावाकडचा समजून पान उलटू नये. आर्ली हॉखशील्ड यांनी १९८९ मध्ये नोकरदार अमेरिकी जोडप्यांच्या अभ्यासातून ‘दुसरी पाळी’ हा शब्द रूढ केला. कार्यालयातून परतलेल्या स्त्रीची घरी सुरू होणारी ही पाळी पुण्या-मुंबईच्या लोकलमध्ये भाजी निवडताना दिसते. लावणीहून परतलेली आहुप्याची बाई आणि ती निवडलेली भाजी पिशवीत भरून उतरलेली ठाण्याची बाई यांच्यात बिनपगारी दुसरी पाळी हा समान धागा आहे.

हजेरीपटावरचे नाव

काम दिसू लागण्याचा एक साधा मार्ग महाराष्ट्राने फार पूर्वी दाखवला होता. १९७२ च्या दुष्काळात सुरू झालेल्या आणि १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळालेल्या रोजगार हमी योजनेत मजुरी कामाच्या मापावर ठरली, मजुराच्या लिंगावर नाही. खडी फोडणाऱ्या, माती वाहणाऱ्या लाखो स्त्रियांची नावे हजेरीपटावर आली. दांडीच्या झोळीत निजलेल्या मुलांसाठी कामावर पाळणाघराची तरतूदही कायद्याच्या योजनेत होती. प्रत्यक्षात ती सर्वत्र दिसली, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

आंबेगावच्या पश्चिम भागात याचे स्थानिक रूप म्हणजे पडकई. डोंगरउतारावर बांध घालून, माती सारखी करून भातखाचर तयार करण्याची ही जुनी सामूहिक पद्धत. यात स्त्री-पुरुष दोघेही राबतात. डिंभे धरणग्रस्तांमध्ये काम करणाऱ्या कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेने ही पडकई रोजगार हमीच्या कामांत आणण्यासाठी प्रयत्न केले. जलाशयातील मासेमारीसह या कामासाठी संस्थेला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा ‘इक्वेटर’ पुरस्कार मिळाला. पिढ्यान्‌पिढ्या घरचे म्हणून केलेले काम कागदावर आले की त्याला दर लागतो. मात्र खाचरावरून घरी आल्यावरच्या कामाचा हजेरीपट कोणीही ठेवत नाही.

नारायणगावचा अपवाद

जुन्नर तालुक्यातच या साऱ्या वाटणीला छेद देणारे गाव आहे. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या सुमारास येथे फडांच्या राहुट्या लागतात आणि जत्रांसाठी सुपाऱ्या घ्यायला गावोगावचे कारभारी येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे नाव येथूनच महाराष्ट्रभर गेले. गरोदर असताना बोर्डावर नाचताना कळा सुरू झाल्या, त्यांनी आत जाऊन बाळाला जन्म दिला, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर उभ्या राहिल्या, ही हकीकत तमाशाच्या दुनियेत आजही सांगितली जाते. ती शौर्याची कथा म्हणून सांगतात. पण दुसऱ्या बाजूने पाहिले, तर बाळंतपणाची एका रात्रीचीही रजा नसलेल्या कामगार स्त्रीची ती कथा आहे. जानेवारी २००२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने राज्य शासन तमाशा कलावंतांना पुरस्कार देते. कन्या मंगला बनसोडे यांनी पुढे स्वतःच्या नावाचा फड उभा केला.

तमाशातील स्त्री कमावती असते, तिच्या कमाईवर घर चालते, तिचे काम शेकडो लोक तिकीट काढून पाहतात. ईगलींच्या सिद्धांताप्रमाणे तिला कर्तृत्वाचा मान मिळायला हवा. तसे होत नाही. लावणी कलावंतांवर अभ्यास करणाऱ्या समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी १९९५ मध्येच दाखवून दिले होते, की जात आणि लैंगिकता यांचे गणित मध्ये आणल्याशिवाय या कलावंतांचे स्थान समजतच नाही. काम दिसणे आणि कामाला प्रतिष्ठा मिळणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. प्रयोगशाळेतील वर्णनांत जात नव्हती. नारायणगावात ती आहे.

पाहण्याने काय बदलते

मनातली ही प्रतिमा बदलते का, याचे आजवरचे सर्वांत ठोस उत्तर पंचायतींनी दिले आहे. पश्चिम बंगालमधील बीरभूम जिल्ह्यात लोरी बीमन, एस्थर डुफ्लो, रोहिणी पांडे आणि पेटिया तोपालोवा यांनी ४९५ गावांमध्ये ११ ते १५ वयाची मुले-मुली आणि त्यांचे पालक यांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे कोणती पंचायत स्त्रीसाठी राखीव होणार हे यदृच्छेने ठरत असल्याने तुलना निर्दोष होती. सलग दोन खेपा स्त्री प्रमुख पाहिलेल्या गावांत मुलगे आणि मुली यांच्या आकांक्षांतील दरी ३२ टक्क्यांनी कमी झाली, शिक्षणातील दरी मिटली आणि मुलींचा घरकामातील वेळ घटला. त्याआधी २००९ मध्ये याच अभ्यासगटाने भाषणाचा प्रयोग केला होता. तेच भाषण स्त्रीच्या आवाजात ऐकवले की स्त्री प्रमुख कधीच न पाहिलेल्या गावांतील पुरुष तिला कमी गुण देत. जेथे स्त्री प्रमुख पाहिलेली होती तेथे हा फरक उरला नव्हता.

महाराष्ट्रात पंचायतींतील स्त्रियांचे आरक्षण १९९० च्या दशकात एकतृतीयांश होते, ते २०११ मध्ये निम्म्यावर गेले. जुन्नर-आंबेगावच्या ग्रामपंचायत कार्यालयांतील सरपंचांच्या फलकावर स्त्रियांची नावे आता सवयीची झाली आहेत, आणि ‘सरपंचपती’ हा शब्दही. बीरभूममधील मुलांवर झालेला परिणाम दोन सलग खेपांचा होता. महाराष्ट्रात सरपंचपदाचे आरक्षण सोडतीने ठरते आणि खेपेगणिक फिरते. एका खेपेला खुर्चीवर बसलेली बाई पुढच्या खेपेला पुन्हा ‘घरीच’ असते.