श्वास देणारे हात

१९५२ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे पोलिओची भयंकर साथ आली. तेथील ब्लेगडॅम रुग्णालयात साथ ऐन भरात असताना दिवसाला ५० पर्यंत रुग्ण येत. ज्यांचे श्वसनाचे स्नायू लुळे पडले त्यांच्यासाठी साधने किती? एक लोखंडी फुफ्फुस आणि छातीवर बसवायची सहा यंत्रे. पहिल्या तीन आठवड्यांत अशा यंत्रांवर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले.

प्रमुख डॉक्टर लासेन यांनी मग भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांना बोलावले. रुग्णांच्या रक्तात बायकार्बोनेट वाढलेले दिसे, म्हणून रक्त अल्कधर्मी झाले असावे असा समज होता. इब्सेन यांनी उलटा अर्थ लावला: श्वास अपुरा पडतो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि त्यामुळे बायकार्बोनेट वाढते. २७ ऑगस्टला एका १२ वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेला छिद्र पाडून नळी बसविली आणि रबरी पिशवी दाबून हवा आत ढकलली. शस्त्रक्रियेच्या वेळी भूलतज्ज्ञ हेच करीत. मुलगी वाचली.

पण पिशवी दाबायची कोणी? एका वेळी ७० पर्यंत रुग्ण असे श्वासावर होते. वैद्यकीय आणि पुढे दंतवैद्यकीय विद्यार्थी बोलावले गेले. एकूण सुमारे १५०० जणांनी मिळून १,६५,००० तास काम केले. मिनिटाला २० वेळा धरले तर ही पिशवी जवळजवळ २० कोटी वेळा दाबली गेली! (वर्गात मुलांना एखादा मऊ चेंडू दहाच मिनिटे याच गतीने दाबायला सांगून पाहावे.)

या मुलांचे शिक्षण खाटेशेजारीच झाले. छाती नीट उचलली जाते का, नळीत स्राव अडकला का, घाम येतो आहे का, हे पाहायचे. पिशवी दाबायला जड जाऊ लागली की काहीतरी अडले आहे हे हाताला कळे. रुग्ण बहुधा शुद्धीवर असत. बोलता येत नसे, पण हवा कमी पडते की जास्त हे ते डोळ्यांनी सांगत. म्हणजे शिकविणाऱ्यांत रुग्णही होता, असे आम्हाला वाटते. कित्येकदा आपण ज्याला श्वास देत आहोत तोच मरताना त्या विशीतल्या मुलांना पाहावा लागला. सुरुवातीला ८७ टक्के असलेला मृत्युदर पुढे निम्म्याहून खाली आला. इब्सेन यांचे नाव पुस्तकांत राहिले. या मुलांपैकी बहुतेकांचे राहिले नाही.

हे काम हा स्वतंत्र व्यवसाय आहे, हा विचार मात्र कोपनहेगनच्या आधीच अमेरिकेत सुरू झाला होता. तेथे रुग्णालयात ऑक्सिजनची नळकांडी ने-आण करणारे कामगार हळूहळू उपचारात हातभार लावू लागले, आणि १९४७ मध्ये शिकागोत त्यांची संघटना नोंदली गेली. शिक्षणक्रम, परीक्षा हे त्यानंतरचे. यंत्रे सुधारली तशी पिशवी दाबण्याचे कष्ट संपले. पण २०२० च्या कोविड साथीत नव्या व्हेंटिलेटरांचे खोके अनेक ठिकाणी पोहोचले, तेव्हा पुन्हा तोच प्रश्न पुढे आला: ते चालविणार कोण?