हवाल्याची कुळकथा

ज्या तालुक्याचे ठाणे गारगोटी आहे त्या तालुक्याला नाव दिले भुदरगड किल्ल्याने. आणि जुन्या काळी गडांच्या कारभारात हवालदार म्हणून जो मुख्य अधिकारी असे, त्याच्या हुद्द्यातच मला आज ज्या गोष्टीविषयी लिहावयाचे आहे तिचे मूळ सापडते. 'हवाला' हा शब्द अरबी. फारसीच्या वाटेने तो मराठी दप्तरात आला, आणि एखादी वस्तू वा जबाबदारी विश्वासाने दुसऱ्याच्या स्वाधीन करणे असा त्याचा अर्थ असल्यामुळे, ज्याच्या स्वाधीन गड केला तो हवालदार ठरला. हे गडावरचे अधिकारी काही वर्षांच्या अंतराने बदलत राहावेत, अशी ताकीद रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आहे. आणि जिथे माणसे बदलणार तिथे कोठाराचा झाडा देणारा एक व तो पडताळून घेणारा दुसरा, असे दोघे समोरासमोर उभे राहणे ओघानेच आले. घेणाऱ्याच्या कबुलीवाचून देणाऱ्याची सुटका नाही, हे हवाल्याचे मर्म.

रुग्णालयात यालाच आज 'हँडओव्हर' म्हणतात. पाळी संपताना एक सिस्टर दुसरीला खाटेखाटेवरून तो देत जाते. पण या सर्वांत नाजूक हवाला शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी होतो, आणि त्याची कुळी शोधू गेल्यास आपण १६ ऑक्टोबर १८४६ या दिवसापाशी जाऊन पोहोचतो. त्या दिवशी बोस्टन येथे ईथरची भूल देऊन केलेली शस्त्रक्रिया जाहीरपणे दाखविली गेली. पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म प्रचारात आणले. तोपर्यंत चार धट्टेकट्टे इसम रोग्याला धरून ठेवीत, शल्यचिकित्सक घाईने हात चालवी, आणि रोगी बिचारा आक्रोश करीत का होईना पण शुद्धीवर असे, आपले दुखणे आपल्या तोंडाने सांगू शके. भुलेने ती यातना हरण केली, हा मनुष्यजातीवरचा फार मोठा उपकार होय. परंतु तिने रोग्याची वाचाही काही काळ हरण केली. रक्त किती गेले, कोणते औषध कोणत्या वेळी दिले, कोणत्या औषधाचे त्याला वावडे आहे, नळी कोठे बसविली आहे, हे त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी तरी सांगितले पाहिजे अशी वेळ आली. म्हणून भुलेच्या आणि या हवाल्याच्या जन्माची घटिका एकच, असे मी मानतो.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी रुग्णालयांवरील आपल्या ग्रंथाच्या १८६३ च्या आवृत्तीत, लहान ग्रामीण रुग्णालयांतून शस्त्रक्रियागृहाला लागून एक छोटी खोली असते व शस्त्रक्रियेचा ताजा परिणाम ओसरेपर्यंत रोगी तेथे ठेवतात, असे नमूद केले आहे. ही प्रथा त्यांना खेड्यातील रुग्णालयांत आढळली, ही गोष्ट गारगोटीसारख्या गावाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अशा खोल्या सर्वत्र झाल्या, अतिदक्षता विभाग आले, प्रत्येक ठिकाणी निराळ्या शिक्षणाची निराळी माणसे नेमली गेली. आणि उपचार जसजसा समर्थ होत गेला तसतसे रोग्याने ओलांडावयाचे उंबरठेही वाढले.

त्या उंबरठ्यावर काय घडते याचा कसून शोध लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट बालरुग्णालयात घेतला गेला. तेथे हृदयाची शस्त्रक्रिया झालेले अर्भक अतिदक्षता विभागात न्यावयाचे म्हणजे श्वासयंत्र, ठिबकणारी औषधे, तारा आणि नळ्या काही मिनिटांत एका ठिकाणाहून काढून दुसऱ्या ठिकाणी जोडावयाच्या, आणि त्याच गडबडीत सारा वृत्तान्त सांगावयाचा. शल्यचिकित्सक मार्टिन एलियट व अतिदक्षतेचे डॉक्टर ॲलन गोल्डमन हे एकदा श्रमून दूरचित्रवाणीवर मोटारींची शर्यत पाहत असता, थांब्यावर आलेल्या गाडीची चाके मूक शिस्तीने बदलणारी ती टोळी त्यांच्या नजरेत भरली. आणि संकोच न करता त्यांनी फेरारी कंपनीच्या त्या माणसांचाच सल्ला घेतला. त्या माणसांना खटकले ते हे की येथे सूत्रधार कोण हेच कळत नाही, आणि सगळे एकाच वेळी बोलतात. मग क्रम ठरला: आधी यंत्रे जोडावयाची, तीही न बोलता, ती जुळल्यावर एकाने सांगावयाचे व इतरांनी ऐकावयाचे, त्यानंतर शंका आणि पुढची योजना. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार दर हवाल्यामागे यंत्रांच्या जोडणीतील चुका सरासरी ५.४२ वरून ३.१५ वर आल्या, सांगावयाच्या राहून गेलेल्या गोष्टी २.०९ वरून १.०७ वर आल्या, आणि वेळ वाढला तर नाहीच, १०.८ मिनिटांवरून ९.४ मिनिटांवर उतरला. शिस्तीला वेळ नाही ही सबब या आकड्यांपुढे टिकत नाही.

याच सुमारास जागतिक आरोग्य संघटनेसाठी सुरक्षित शस्त्रक्रियेची १९ कलमांची यादी सिद्ध झाली, आणि त्या कार्याचे नेतृत्व केले अतुल गावंडे यांनी, ज्यांचे वडील डॉ. आत्माराम गावंडे यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेडकडचे. त्या यादीचा शेवटचा टप्पा हवाल्याचाच आहे: रोगी खोलीबाहेर जाण्यापूर्वी शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ आणि परिचारिका या तिघांनी, आता याच्याविषयी कशाची काळजी घ्यावयाची, हे मोठ्याने उच्चारावे. दिल्लीसह आठ शहरांत ही यादी वापरून पाहिली तेव्हा मृत्यूचे प्रमाण शेकडा १.५ वरून ०.८ झाले.

परंतु आमच्या भागात आणखी एक हवाला होतो, ज्याची यादी कोणी केलेली नाही. शस्त्रक्रिया कोल्हापुरात होते, आणि चार-सहा दिवसांनी रोगी सुमारे ५० किलोमीटर येऊन वेदगंगेकाठच्या आपल्या घरी उतरतो. घेणारा हवालदार येथे घरची सून असते किंवा म्हातारा भाऊ. माझ्या आत्याला शहरातील एका रुग्णालयातून अशीच आणली. रक्त पातळ ठेवण्याची तिची गोळी शस्त्रक्रियेसाठी बंद केलेली होती, ती पुन्हा केव्हा सुरू करावयाची हे कागदावर नव्हते आणि आम्हीही विचारले नाही. नवव्या दिवशी गावच्या डॉक्टरांनी केसपेपरांची पिशवी उलगडली तेव्हा ते ध्यानात आले. आत्या सुखरूप राहिली, पण ते नऊ दिवस आठवले की आजही माझ्या पोटात गोळा येतो.

म्हणून माझी विनंती आहे की घरचे माणूस सोडवून आणताना सिस्टरांपाशी दोन मिनिटे थांबावे. कोणती गोळी बंद, कोणती चालू आणि बंद केलेली केव्हा सुरू. टाके कोणत्या तारखेला. काय झाले तर त्याच दिवशी परत यावयाचे आणि कोणत्या क्रमांकावर बोलावयाचे, हे विचारावे. ऐकलेले आपल्या तोंडाने त्यांना परत सांगावे, कागदावर लिहून घ्यावे, आणि मगच गाडीत बसावे.