निदणाचा दृष्टांत आणि मालकाचे दास

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात दैवी न्यायासंबंधीचा जो दृष्टांत आला आहे, त्याचे कथानक थोडके आहे. एका मनुष्याने शेतात चांगले बी पेरले. लोक निजले असता वैऱ्याने येऊन गव्हात निदण पेरले. ओंब्या धरू लागल्या तेव्हा ते उघडकीस आले. दासांनी ते उपटून काढण्याची परवानगी मागितली. मालकाने ती नाकारली. निदणाबरोबर गहूही उपटला जाईल, यास्तव कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्यावीत, निवडानिवड त्या वेळी कापणारे करतील, असा त्याचा निर्णय आहे.

मराठी वाचकाला या रचनेची ओळख आपल्या वाङ्मयातूनच पटावयास हरकत नाही. केसोबासांनी संकलित केलेल्या महानुभावांच्या 'दृष्टांतपाठा'त सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशी त्रिविध मांडणी आढळते. कथेतील कोणती वस्तू सिद्धांतातील कोणत्या गोष्टीच्या जागी आहे, हे दार्ष्टांतिक सांगते. मत्तयाने या दृष्टांताला असे दार्ष्टांतिक जोडले आहे. पेरणारा म्हणजे मनुष्याचा पुत्र, शेत म्हणजे जग, चांगले बी म्हणजे राज्याचे पुत्र, निदण म्हणजे दुष्टाचे पुत्र, वैरी म्हणजे सैतान, कापणी म्हणजे युगाची समाप्ती, कापणारे म्हणजे देवदूत. सात गोष्टींचा उलगडा झाला. परंतु ज्यांनी उपटण्याची परवानगी मागितली ते दास कोण, याविषयी दार्ष्टांतिकात एक अक्षरही नाही. आणि ज्या संवादात मालकाचा नकार आहे, तो संवादही त्यात गाळलेला आहे. या दृष्टांताचा सुमारे सोळा शतकांचा अर्थेतिहास म्हणजे बहुतांशी ही रिकामी जागा कोणी भरावी याचाच इतिहास आहे.

प्रथम पिकाचा विचार केला पाहिजे. मूळ ग्रीक शब्द 'झिझानिया' असा असून त्याने सामान्यतः लोलियम टेम्युलेंटम हे गवत समजले जाते. ओंबी येईपर्यंत ते गव्हापासून ओळखू येत नाही, आणि त्याचा दाणा पिठात गेल्यास विषबाधा होते. दुसऱ्याच्या शेतात हे बी टाकणाऱ्यावर दावा लावण्याची तरतूद रोमन विधिसंग्रहात आहे; म्हणजे वैऱ्याचे हे कृत्य काल्पनिक नव्हते. मराठी भाषांतरातील 'निदण' हा शब्द या दृष्टीने लक्षणीय ठरतो. निंदणे म्हणजे तण काढणे. निंदून काढावयाचे ते निदण. ज्या रोपाला हात लावू नका अशी मालकाची आज्ञा, त्या रोपाच्या मराठी नावातच त्याला उपटण्याची क्रिया वसली आहे! मूळ ग्रीक शब्दात हा विरोध नाही.

पनवेल तालुक्यातील खारघर, ओवे, कोपरा यांसारख्या गावांच्या शेतकऱ्याला तर मालकाचा निर्णय उफराटाच वाटला असता. हा प्रदेश भाताचा. येथे राब भाजून रोपे तयार करावयाची, चिखलणी करून लावणी करावयाची आणि नंतर बेणणी करावयाची, असा क्रम होता. बेणणी टाळणारा शेतकरी आळशी ठरे. तथापि हाच शेतकरी दृष्टांताचे मर्मही जाणत होता. भातखाचरात येणारे रानभात लोंबी येईपर्यंत खऱ्या भातासारखेच दिसते, आणि घाईने हात घालणारा नवखा मजूर दोन्ही उपटतो. १९७० मध्ये नव्या मुंबईची योजना आखली जाऊन सिडकोची स्थापना झाली. पुढे या खाचरांच्या जागी वसाहती उभ्या राहिल्या. गव्हाचा दृष्टांत भाताच्या अनुभवाने समजून घेणारी पिढी त्यामुळे आज विरळ झाली आहे.

अर्थनिर्णयाचा पहिला मोठा वाद उत्तर आफ्रिकेत झाला. छळाच्या काळात कच खाल्लेल्या धर्माधिकाऱ्यांशी संबंध नसलेले तेवढेच शुद्ध, असे मानणाऱ्या दोनातुसपंथीयांविरुद्ध ऑगस्टीनने हा दृष्टांत वापरला: चर्चमध्ये गहू व निदण एकत्रच राहणार, वेगळे करणे मनुष्याचे काम नव्हे. प्रतिपक्षाचे उत्तर मार्मिक होते. शेत म्हणजे जग असे खुद्द वचनात आहे. शेत म्हणजे चर्च असे नाही. ४११ च्या कार्थेज येथील सभेत हा मुद्दा निघालाच. विशेष हे की, याच ऑगस्टीनने पुढे दोनातुसपंथीयांवर राजसत्तेने सक्ती करणे योग्य ठरविले. सहनशीलतेचा दृष्टांत सांगणाऱ्यानेच उपटणाऱ्यांना वाट करून दिली, हे नमूद करणे भाग आहे. ख्रिसोस्तोमने पाखंड्यांचा वध निषिद्ध मानला, मात्र त्यांची तोंडे बंद करण्यास मुभा ठेवली. तेराव्या शतकात थॉमस अक्विनासने मालकाच्या कारणालाच अट बनविले: गहू उपटला जाण्याचे भय असेल तोवरच मनाई, ते भय नसेल तेथे मनाईही नाही. निषेधातून अनुज्ञा काढणारा हा युक्तिवाद तर्कदृष्ट्या चतुर असला, तरी निदण ओळखण्यात दासांची चूक होणार नाही, हे त्याने गृहीत धरले. आणि कथेत तर तीच शंका मालकाला आहे.

मराठी भाषेच्या प्रदेशात ही चर्चा ग्रंथापुरती राहिली नाही. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशनची स्थापना झाली. त्याचा मुख्य रोख बाप्तिस्मा घेतलेल्यांवर होता. नवख्रिस्ती मनुष्य घरात जुने आचार पाळतो की काय, याचा तपास म्हणजे गव्हात निदण शोधण्याचाच उद्योग होय. १५६७ मध्ये साष्टीतील देवळे पाडली गेली; १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट मारले गेले. याच साष्टीत फादर थॉमस स्टीफन्स यांनी आयुष्य घालविले. ते १५७९ मध्ये गोव्यात आले; त्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोल येथे छापून निघाले. नवख्रिस्त्याला त्याच्या कानास परिचित अशा ओवीतून धर्म सांगावा, ही त्यामागील दृष्टी. एकाच शेतात एका बाजूने ओवी पेरली जात होती आणि दुसऱ्या बाजूने झडती चालली होती. १६८४ मध्ये देशी भाषेविरुद्ध फर्मान निघाले, तेव्हा संशयाचे तण म्हणून भाषाही मोजली गेली. इन्क्विझिशन मध्यंतरी काही वर्षे बंद राहून अखेरीस १८१२ मध्ये कायमचे संपले.

युरोपात दृष्टांताचा अर्थ तोवर पालटला होता. रॉजर विल्यम्सने १६४४ मध्ये शेत म्हणजे जग हेच वचन पुढे करून राजसत्तेने कोणाच्याही श्रद्धेला हात लावू नये असे प्रतिपादिले. दोनातुसपंथीयांचा मुद्दा असा भलत्याच कामी आला.

१८०५ मध्ये श्रीरामपूर येथे मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले गेले. पुढील काळात प्रश्न दुसऱ्या बाजूनेही उभा राहिला. १८४३ मध्ये नारायण शेषाद्रींनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला होता, त्याला न्यायालयाने पित्याच्या स्वाधीन केले. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी खटपट केली, आणि सनातनी मंडळींनी तिला कसून विरोध केला. एका मुलाला गहू म्हणावे की निदण, हे ठरविण्यास येथे ब्रह्मवृंद बसला होता. दासांची जागा कोणत्याही एका धर्माची मिरास नाही.

नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त सामावून घ्यावयाचे होते. ऑगस्टीनचे मिश्र क्षेत्र बाप्तिस्म्याच्या कुंपणाच्या आत होते. टिळकांनी ते कुंपणच ओलांडले, आणि त्यामुळे मिशनमधील अनेकांना दरबार अडचणीचा वाटला. १९१९ च्या मे महिन्यात टिळक वारले, तेव्हा दरबाराला दोन वर्षेही पुरी झाली नव्हती.