झाकणावरचा विस्तव

आज इतिहास सांगणार आहे, पण राजांचा नाही, विस्तवाचा.

उन्हाळ्यात माझा भाचा पुण्याहून मुरुडला आला, तो कोळशाची एक शेगडी घेऊन. तीन पायांची, वर लोखंडी जाळी. जाळीवर बसवायची पत्र्याची एक पेटीही सोबत होती. पुढून उघडी, आत दगडाची चकती, वर छत. तिला तो ओव्हन म्हणत होता. गच्चीवर घरचा पिझ्झा करायचा बेत ठरला. पीठ सकाळीच मळून फुगायला ठेवलं होतं. पेटी बसवायचा कंटाळा केला आणि पहिला पिझ्झा जाळीवर तवा ठेवूनच भाजला. खालून त्याचा कोळसा झाला, वर चीज पांढरं आणि टोमॅटो कच्चा. सासूबाई खुर्चीवर बसून बघत होत्या. म्हणाल्या, “अगं, नुसता खालून जाळ दिल्यावर वरून कसं भाजंल? झाकणावर इस्तू ठिव की.”

पिझ्झा त्या जन्मात पहिल्यांदा पाहत होत्या. तरी दोष कुठे आहे ते त्यांना आमच्याआधी कळलं. त्यांना ते कुठून ठाऊक, हे शोधता शोधता मला जे सापडलं ते सांगते.

आपल्या चुलीला जाळ असतो तो खालून. त्यावर तवा, तव्यावर भाकरी. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिवटपणा नसतो, म्हणून ते गरम पाण्यात मळायचं, हाताने थापायचं, आणि आंबवून फुगवायचा प्रश्नच येत नाही. पण भाकरी करणाऱ्या बाईला एवढं ठाऊक असतं की तव्यावर तिचं काम निम्मंच होतं. एक बाजू भाजली, वरून पाणी फिरवलं, उलटली, की पुढे तिला चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या निखाऱ्यांसमोर उभी करायची. तिथे ती फुगते. म्हणजे खालच्या जाळाशिवाय दुसरी धग लागते, हे आपल्या आज्यांना रोजचंच होतं. फक्त ती धग समोरून यायची, वरून नाही.

वरून धग देणारा आपला जुना पदार्थ म्हणजे रोडगे. गव्हाच्या जाड पिठाचे गोळे, गोवऱ्यांच्या विस्तवात पुरून भाजलेले. वर राख, खाली राख, चहूकडून सारखी आच. राख झटकून तुपात बुडवायचे. तिथे भांडं नाही, झाकण नाही, राखच झाकण. नवसाला रोडगे करताना पुष्कळ घरांत भट्टी गडीमाणसं लावतात आणि बायका वरण-वांग्यात गुंतलेल्या असतात. हे मला पुढे वारंवार दिसलं. खालचा जाळ बाईच्या ताब्यात, चहूबाजूंचा जाळ पुरुषाच्या.

भाजण्याचं साधन कोणाच्या हातात, यावर तर आपल्याकडे संतकथाच आहे. मुक्ताबाईला मांडे करायचे होते आणि विसोबाने कुंभारांना दम देऊन तिला खापर मिळू दिलं नाही. मग ज्ञानदेवांनी पाठ तापवली, तिच्यावर मांडे भाजले, अशी कथा सांगतात. चमत्कार मानायचा की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं. मला त्यात दिसतं ते हे की एखाद्या घराला वाळीत टाकायचं तर त्याचं खापर अडवलं की पुरे.

आता निजामाकडे येऊ. आपला लातूरचा भाग 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. लातूर जिल्हा वेगळा झाला तो फार उशिरा, 16 ऑगस्ट 1982 ला, तोवर आपण उस्मानाबादेत. संस्थानाच्या स्वयंपाकात दमाची रीत मोठी. हंडीच्या तोंडाला कणकेची वळी लावून झाकण घट्ट बसवायचं, खाली मंद आच ठेवायची आणि झाकणावर निखारे पसरायचे. हाच तो वरचा विस्तव. दुसरीकडे औरंगाबादला नान-खलिया. मुहम्मद तुघलकाने 1327 मध्ये राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा फौजेच्या खाण्यातून तो आला, असं तिथले लोक सांगतात. त्यातला नान तंदुरात, म्हणजे तापलेल्या मातीच्या भिंतीला चिकटवून भाजतात. तंदूर बाजारात, नानवाल्याकडे. घरात नान कोणी भाजत नसे, विकत आणत.

पावाचीही हीच गोष्ट. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि त्यांच्याबरोबर भट्टीचा पाव आला. पाव हा शब्दही त्यांचाच, बटाटा, काजू यांच्यासारखा. तिथल्या पोदेरांनी माडाच्या सुरेने पीठ फुगवलं. पण आपल्या बाजूला पाव म्हणजे बाटणं, अशी धास्ती कित्येक पिढ्या टिकली. पुण्यात ऑक्टोबर 1890 मध्ये गोपाळराव जोशांनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, शहरातल्या मोठ्या मंडळींना पंचहौद मिशनमध्ये नेलं. तिथे चहा-बिस्किटं पुढे आली, आणि नंतर गोपाळरावांनी हजर असलेल्यांची नावं छापवून आणली. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक त्यांत होते. केवढा गदारोळ झाला! प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. आज चहात बिस्किट बुडवताना कोणाला त्याची आठवणही होत नाही. पण तेव्हा भट्टीतून निघालेल्या वस्तूची भीती एवढी होती, तर घराघरात भट्टी कुठून येणार?

तरीही बाया गप्प बसल्या नाहीत. तुमच्यातल्या पन्नाशी ओलांडलेल्यांना आठवेल, दिवाळीच्या आधी तूप, साखर, मैदा घरूनच घेऊन बेकरीत जायचं. तिथे नानकटाई भाजून घ्यायची आणि डबा भरून आणायचा. रांगेत बायका, भट्टीपाशी पुरुष. सासूबाई म्हणाल्या, त्यांच्या आईला ते पटायचं नाही. आपलं तूप दुसऱ्याचं झालं तर? मग ती घरीच करायची. मोठ्या पातेल्यात बोटभर वाळू, वाळूवर लोखंडी कडं, त्यावर नानकटाईचं ताट, वर परात उपडी आणि परातीच्या पाठीवर निखारे. पुढे पुष्कळ घरांत काचेच्या भोकाचा गोल ॲल्युमिनियमचा विजेचा ओव्हन आला आणि परात परत कणकेला गेली. वीज गेली की अर्ध्या कच्च्या केकवर मात्र पुन्हा परातीचीच आठवण व्हायची.

पिझ्झाची कुळकथाही याहून वेगळी नाही, म्हणून हे सगळं सांगितलं. नेपल्समध्ये तो गरिबांचा पदार्थ. खोल्या लहान, घरात भट्टी नाही, म्हणून माणसं रस्त्यावर विकत घेऊन खात. इटलीच्या मार्गारिता राणीला 1889 मध्ये तो खाऊ घातला आणि तिचं नाव पडलं, ही गोष्ट सगळे सांगतात, इतिहासकार मात्र तिच्याकडे संशयाने बघतात. टोमॅटो तर अमेरिका खंडातून युरोपात आलेला. आपल्याकडे पिझ्झाच्या मोठ्या परदेशी कंपन्या 1996 मध्ये दिल्ली-बेंगळुरूत उघडल्या, मग हळूहळू जिल्ह्याच्या गावांत.

नेपल्सच्या लाकडी भट्टीत उष्णता सव्वाचारशे अंशांच्या वर जाते आणि पिझ्झा दीड मिनिटात होतो. तापलेली फरशी खालून भाजते, घुमट वरून. घुमट नसेल तर आमच्या पहिल्या पिझ्झासारखी गत. भाच्याच्या पेटीने तो घुमटच दिला होता. कोळशाची धग मागच्या फटीतून वर चढते, छताला लागून पुढे सरकते, पिझ्झाच्या डोक्यावरून जाते आणि पुढच्या तोंडातून बाहेर पडते. दुसऱ्या खेपेला आम्ही पेटी बसवली, दगड अर्धा तास तापू दिला, कोळसे पेटीच्या मागच्या बाजूला लोटले, आणि पाचेक मिनिटांत चीजवर तपकिरी ठिपके आले. सासूबाईंनी पेटीत डोकावून पाहिलं. “परातच हाय की,” म्हणाल्या.

अशी पेटी नसली तरी जाड बुडाचं पातेलं, आत तापवलेलं खापर आणि निखारे घातलेली उपडी परात यांवर काम भागतं, हे आम्ही पुढच्या रविवारी करून पाहिलं. वेळ जास्त लागतो आणि परात कायमची काळी होते. एक मात्र करू नका. घरात उरलेल्या शहाबादी फरशीचा तुकडा दगड म्हणून वापरू नका. आत ओल असली तर तडकून उडते. आणि दुसरं, कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीच नको, थंडीच्या रात्री शेकायलासुद्धा नाही. तिचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वास नाही आणि त्याने माणसं झोपेतच दगावतात. गच्चीवर, अंगणात, उघड्यावरच.

धुराचं बोलायलाच हवं. 2016 साली उज्ज्वला योजना आली, कारण चुलीच्या धुराने बायकांचे डोळे आणि छाती जात होती. आता त्याच चुलीच्या नावाने ढाब्यांवर पाट्या लागतात, चुलीवरची भाकरी, चुलीवरचं मटण, आणि पैसे जास्त. मुंबईत 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर लाकूड-कोळशाच्या भट्ट्या बंद करून दुसरं इंधन घ्या म्हणून बेकऱ्यांना नोटिसा गेल्या. मला दोन्ही बाजू कळतात. महिन्यातून एकदा हौसेने पेटवलेला कोळसा आणि रोज तीन वेळा नाइलाजाने फुंकलेली चूल या एकच गोष्टी नव्हेत. सासूबाईंनी ती चूल पन्नास वर्षं फुंकली. गच्चीवर त्या शेगडीपासून चांगल्या दहा हात लांब बसल्या होत्या, वाऱ्याच्या उलट्या बाजूला.

ज्वारीचा पिझ्झा जमतो का, असं तुम्ही विचाराल. नुसत्या ज्वारीचा नाही, तुटतो. आम्ही एक वाटी ज्वारी आणि दोन वाट्या गव्हाचं पीठ घेतलं, लाटलं नाही, हाताने थापलं. कडा कुरकुरीत झाल्या, मधे थोडा भरभरीत. पोरांनी चीज खाऊन कडा ताटात टाकल्या. त्या कडा सासूबाईंनी शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खाल्ल्या आणि विचारलं, पुढच्या खेपेला टोमॅटोऐवजी वांग्याचं भरीत घालता येईल का.